भूपालअण्णा आणि बारीक टकटक

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर आठ-आठ दिवस कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण माझ्या भावाच्या मोटारसायकलची टकटक कमी झाली की आई चुलीपुढून उठून दारात यायची आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "शशा, टॅपेट गप हायत रं. अण्णांकडं जा." शिवाजी पेठेतल्या बायका मुलांची चाहूल चपलांवरून ओळखायच्या. आमची आई इंजिनातल्या टॅपेटच्या टकटकीवरून ओळखायची. नव्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, पहिले काही महिने हे टॅपेट म्हणजे कुणीतरी घरातलंच माणूस असावं असं वाटत होतं.

हा नाद आमच्या घरात आणला भूपालअण्णांनी. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईही गेली. पण अजून रस्त्यावर एखादी जुनी साडेतीनशे सी.सी.ची गाडी शेजारून गेली की मी भाजीची पिशवी हातात धरून उभी राहते आणि कान देते. माझ्या नवऱ्याला याची आता सवय झाली आहे.

अण्णांचं दुकान उद्यमनगरात होतं. चहूकडे लेथ, फाउंड्र्या, लोखंडाचा कीस, ठोकाठोक. आणि त्या सगळ्या गदारोळात अण्णांचा एक गाळा, जिथे मोठ्याने बोलायला मनाई. रेडिओ नाही, हाताखाली माणूस नाही. "माणूस ठेवलं की त्ये बोलतं," असं त्यांचं म्हणणं. स्वतः मात्र ते एवढ्या मोठ्या आवाजात बोलत की ती मनाई नेमकी कुणासाठी आहे हे गिऱ्हाइकाला कळत नसे.

मूळचे ते कागलच्या पलीकडचे, सीमेलगतच्या खेड्यातले. जैन शेतकऱ्याचं घर, बरी जमीन, थोरले भाऊ शेती बघत. हे मात्र तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतींच्या मागे लागून कोल्हापुरात आले ते इथलेच झाले. अंगाने चांगले भरलेले, पांढरा शुभ्र इस्त्रीचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्या सदऱ्यावर तेलाचा डाग मी कधी पाहिला नाही, आणि तो नाही हे ते दिवसातून दोन-तीनदा लोकांच्या लक्षात आणून देत. "बघा की, डाग दावा," असं म्हणून ते चक्क गिरकी घ्यायचे. नम्रपणा नावाची वस्तू त्यांच्या दुकानात ठेवलेलीच नव्हती.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा नेम. त्यामुळे उन्हं कलली की हातातलं काम जिथल्या तिथे ठेवून ते हात धुवायचे. समोर आमदार उभा असला तरी, "पावणं, आता उद्या," असं म्हणून डबा उघडायचे. ज्वारीची भाकरी, वाटीभर दही आणि शेंगदाण्याची चटणी. जेवताना मात्र बोलत नसत. तेवढा वेळ त्या गाळ्यात खरी शांतता असायची.

त्यांच्या भिंतीवर एक तार बांधलेली होती आणि तिच्यावर जळके एक्झॉस्ट व्हॉल्व टांगलेले होते. इंजिनातला जळका धूर ज्या झडपेतून बाहेर जातो ती ही झडप. दिसायला कुत्र्याच्या छत्रीसारखी, फक्त देठ लांब. धड असते तेव्हा तिची कड गुळगुळीत, गोल. जळली की एका बाजूने खाल्ल्यासारखी. अण्णांना प्रत्येक झडपेचा मालक पाठ होता. पण ते मालकाचं नाव सांगत नसत, त्याचा स्वभाव सांगत. "ही एका वकिलाची घाई. ही एका डाक्टरची कंजुषी, तेल बदलंना. आनि ही," एक अगदी अर्धी उरलेली झडप दाखवून ते म्हणत, "ह्यो एका जावयाचा थाट."

त्या जावयाची गोष्ट ते रंगवून सांगत. सासऱ्याने लग्नात गाडी दिलेली. जावई आला आणि म्हणाला, "आवाज अजिबात नको. मऊ चालली पाहिजे." अण्णांनी त्याला समजावलं, की झडप आणि तिला ढकलणारा दांडा यांच्यात केसाएवढी फट ठेवावीच लागते, ती फट म्हणजे टॅपेटची टकटक. झडप तापली की लांबते, आणि लांबायला जागा नसली तर ती आपल्या जागेवर नीट बसत नाही. मग तिच्या कडेखालून जाळ निघत राहतो आणि कड जळते. जावयाला हे काही पटलं नाही. "दुसरीकडून करून घेतो," म्हणाला. "घ्या की. न्हायतर सायकल घ्या, तिला आवाज न्हाय," अण्णांनी त्याला वाटेला लावलं. पुढे त्या जावयाची झडप तारेवर आलीच, पण गोष्टीचा तो भाग सांगताना अण्णांना आनंद होत नसे. चांगल्या गाडीचं वाटोळं झालेलं त्यांना बघवत नसे.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे, आलेली गाडी त्याच दिवशी उघडायची नाही. "आज ऐकायचं, उद्या उघडायचं." लोक चिडत. पाने घेऊन तयार बसलेले मेस्त्री गल्लोगल्ली होते. हा नेम कसा पडला हेही अण्णाच सांगत, आणि आपली फजिती सांगतानाही त्यांचा आवाज तेवढाच मोठा असे. एका तालुक्याच्या मास्तरांची गाडी उतारावर फटफट बार काढत होती. अण्णांनी ऐकलं न ऐकलं आणि निदान ठोकून दिलं: एक्झॉस्ट व्हॉल्व. तिथल्या तिथे हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. बघतात तर व्हॉल्व नव्या नाण्यासारखा. दोष एवढाच होता की सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे जोडतात तिथला जोड ढिला होता आणि तिथून हवा आत जात होती. दुसरा कुणी असता तर गप्प बसून हेड परत बसवून मोकळा झाला असता. अण्णा पुढे कित्येक दिवस ते मास्तर दिसले की रस्त्यात त्यांना थांबवून चारचौघांत सांगायचे, "ह्या मास्तरांची गाडी म्या उगंच उघडलीती." शेवटी मास्तरच लाजून दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले.

आमची त्यांच्याशी गाठ पडली ती शशामुळे. शशिकांत माझा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर त्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक मलकापूरला झाली. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं, खेडोपाडी फिरायचं आणि शनिवारी घरी यायचं. फिरतीसाठी लष्कराच्या लिलावातली एक जुनी साडेतीनशेची गाडी त्याने घेतली. आईने ती घेऊ दिली हाच चमत्कार होता. कारण आईचा पाठचा भाऊ, आमचा मामा, पन्हाळ्याच्या वळणावर मोटारसायकलवरूनच गेला होता. आईने शशाला देव्हाऱ्यापुढे उभं करून एकच अट घातली: पळवायची नाही. शर्यत तर नावालाही नाही.

शशाने मान डोलावली आणि दोन-तीन महिन्यांत गावाबाहेरच्या माळावर, जिथे पोरं शर्यतीचा सराव करत, तिथे जायला लागला. मला ते त्याच्या पँटीवरच्या तांबड्या धुळीवरून कळलं, कारण पँटी मी धूत होते. आईला कळायचं ते आवाजावरून. गाडी तापवून, पिळून आणली की टकटक वाढलेली असायची. आई दारात उभी राहून म्हणायची, "कडकड वाजतीया. पळीवलीस न्हवं?" आणि त्या दिवशी ती जेवत नसे. रागावून नव्हे. तिच्या घशाखाली घासच उतरत नसे. ते मी पाहिलेलं आहे.

पुढे पुढे मात्र गाडी घरी येताना अगदी गप्प येऊ लागली. लोण्यातून सुरी फिरावी तशी बोळात शिरायची. आई खूश. "आता सुदारलं माझं पोरगं," असं शेजारणींना सांगू लागली. आणि त्याच सुमाराला गाडी आजारी पडली. चढावर दम सोडायची, उतारावर बार काढायची, गरम झाली की चालू व्हायची नाही. दोन वेळा व्हॉल्व बदलून झाला. मेस्त्री म्हणाले, इंजिनच गेलंय, विकून टाका. आणि माळावरची दिवाळीनंतरची मोठी शर्यत तोंडावर आलेली.

एका रविवारी शशा मला मावशीकडे सोडायला निघाला आणि गाडी उद्यमनगरात बंद पडली. ढकलत आम्ही अण्णांच्या दारात आलो.

अण्णा स्टुलावर बसले होते. उठले नाहीत. "किकवर उभा ऱ्हा," म्हणाले.

"काय?"

"किकवर उभा ऱ्हा. मारू नगंस. नुसतं वजन दे."

शशा पाय रोवून किकवर उभा राहिला. धड इंजिन असलं तर आत दाबलेली हवा माणसाचं वजन बराच वेळ तोलून धरते. आमच्या गाडीची किक दबत दबत खाली बसली. तेवढ्यात अण्णा सायलेन्सरच्या तोंडाशी कान लावून ओणवे झाले होते, सदरा सांभाळून. "हितनं गळतंय. फुस्स करतंय. कार्बोरेटरकडनं न्हाय, खालनं तेलाकडनं बी न्हाय." मग महाप्रयासाने गाडी चालू झाल्यावर त्यांनी सायलेन्सरपुढे पंजा धरला आणि डोळे मिटले. "ढकलतंय, ढकलतंय... मदीच वढतंय. एक्झॉस्ट व्हॉल्व. टॅपेट कुणी आवळलं?"

"मेस्त्रीनं," शशा म्हणाला.

अण्णांनी एकदम त्याचा उजवा हात धरला आणि उताणा केला. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही ताजे. त्यांनी ते पाहिले, हात सोडून दिला आणि म्हणाले, "आज ऐकलं. उद्या उघडू."

सोमवारी शशा एस.टी.ने मलकापूरला गेला. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. शाळा सुटल्यावर मी गाळ्यावर गेले. हेड उतरवलेलं होतं. अण्णांनी माझ्या हातात झडप ठेवली. कड एका बाजूने उंदराने कुरतडलेल्या बिस्किटासारखी झालेली.

"अक्का, घरात कोण आजारी हाय?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना.

"मेस्त्री थंड इंजिनावर टॅपेट करतो. तुज्या भावाची बोटं भाजल्यात. म्हंजे ह्यो गरम इंजिनावर, वाटंत कुटंतरी थांबून, घाईनं आवळतो. आवाज बंद व्हावा म्हणून. आता आवाज कुणाला नगं असतोय? आजारी माणसाला. कोण हाय?"

"आजारी कुणी नाही," मी म्हणाले. "आई आहे."

आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. मामाचं, देव्हाऱ्यापुढच्या अटीचं, दारात उभं राहून ऐकण्याचं. त्या माणसाला एवढा वेळ गप्प मी पुढेही त्यांच्या जेवणाखेरीज कधी पाहिलं नाही.

"ऐक," ते शेवटी म्हणाले. "आजपातूर कड जळलीया. अशीच आवळत ऱ्हायला तर एक दिवस मुंडकंच तुटंल व्हॉल्वचं. पळत्या गाडीत. त्ये आत पडलं की इंजिन जाम, मागचं चाक जाम, आनि पोरगं उडून कुटं जाईल सांगता यायचं न्हाय. ज्याच्यापायी तुजी आई भितीया, त्येच व्हायचं. तिला घिऊन ये."

"आईला? ती नाही यायची."

"सांग, घरातलं थोरलं माणूस आल्याबिगार भूपालअण्णा गाडी द्यायचा न्हाय. रविवारी दुपारी ये. शशालाबी आण."

आई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, पदर खोचून, भांडायच्या तयारीने आली. पोराची गाडी अडवून ठेवणारा हा कोण टिकोजीराव, ते तिला बघायचं होतं. अण्णांनी उठून आपलं स्टूल पुसलं आणि तिला बसायला दिलं. त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं उद्यमनगराने तोवर पाहिलं नसावं.

"वैनी, भांडण नंतर. आदी ऐका," म्हणाले आणि किक मारली. नवा व्हॉल्व घासून बसवलेला होता, पण टॅपेट मुद्दाम आवळून ठेवलेले. गाडी गप्प चालू लागली. "कसा वाटतोय आवाज?"

"ब्येस हाय की. असाच असतोय रोजचा."

अण्णांनी गाडी बंद केली. इंजिन पुरतं निवेपर्यंत आम्हाला तसंच बसवून ठेवलं. मग दोन पाने घेऊन टॅपेट हवे तेवढे ढिले केले आणि पुन्हा किक मारली. टक टक टक टक. बारीक, सारखी.

आईचा चेहरा उतरला. "आता पळीवल्यावानी वाजतीया."

"न्हाय वैनी. आता ती बरी हाय. मगाशी गप हुती न्हवं, तवा ती मरत हुती." त्यांनी तारेवरून आमची झडप काढून तिच्या ओंजळीत ठेवली. "ह्यो व्हॉल्व आवळून आवळून जळलाय. कशानं आवळला? तुमच्या भ्यानं."

एवढं तोंडावर आईला कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं आता ती उठेल. ती झडपेची जळकी कड अंगठ्याने चाचपत राहिली. मग शशाकडे न बघता तिने विचारलं, "कशाला आवळत हुतास रं?"

शशाने भाजलेली बोटं मुठीत मिटली. मग म्हणाला, "तुला कळू नये म्हणून."

"काय कळू नये?"

"माळावर जातो त्ये. शर्यतीला."

गाळ्यात फक्त टॅपेट वाजत होते. आईने मान वर केली ती अण्णांकडे. "ह्यो पळीवतो कसा?"

"त्ये म्या बघितल्यालं न्हाय," अण्णा म्हणाले. "गाडी बरी सांभाळंल असं वाटतंय. खोटं मातर बरं बोलता येत न्हाय त्याला."

आई त्यावर हसली नाही. डोळे पुसले, उठली आणि शशाला म्हणाली, "पळीवणार असशील तर माज्या म्होरं पळीव. मागनं न्हाय. आनि ह्यो आवाज हाय तसा ठेवायचा. मला ऐकू आला पायजे."

शर्यतीला आई आली. अण्णांनीच बसायची जागा काढून दिली. पण ती मैदानाकडे पाठ करून बसली. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं, असं तिने ठरवलं होतं. धुळीचे लोट उठत होते, लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, आणि आमची आई लोकांकडे तोंड करून, डोळे मिटून बसली होती. शशाची गाडी वळणावरून समोर आली की ती न वळता म्हणायची, "आला." अण्णा शेजारी उभे राहून मान हलवायचे, "व्हय, त्योच." एवढ्या गोंगाटात टॅपेट ऐकू येणं शक्य नाही, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र त्या दोघांपैकी एकदाही कुणी चुकलं नाही. शशा कितवा आला हे आईने विचारलंच नाही. गाडी थांबल्यावर तिच्यापाशी गेली, गरम इंजिनाकडे कान केला आणि म्हणाली, "वाजतंय." त्या दिवशी आई पोटभर जेवली. अण्णांनी आमच्या घरी काय केलं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की माझी आई शनिवारचं जेवायला लागली.

पुढे माझं लग्न झालं, मी सांगलीला गेले. शशा शर्यती सोडून संसाराला लागला, पण गाडी त्याने सोडली नाही. अण्णांना ऐकू कमी येऊ लागलंय, असं त्याच्याकडून कळायचं. तरुणपणी सायलेन्सर काढून पळवलेल्या गाड्या आणि शेजारच्या फाउंड्रीची ठोकाठोक, सगळ्यांनी मिळून तो कान खाल्ला होता. एव्हाना गावात नव्या हलक्या गाड्या आल्या होत्या. अण्णांकडे जुनी गिऱ्हाइकं तेवढी उरली. किकवर पाय देऊन, सायलेन्सरपुढे पंजा धरून ते अजून निदान करत, आणि ते बरोबर येई. पण आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करायला मात्र तयार नसत. "लोकंच हळू बोलालेत आजकाल," म्हणत.

एका दिवाळीत मी माहेरी आले असताना आई म्हणाली, "टॅपेटचा आवाज बदललाय. अण्णांकडं जाऊ." आम्ही तिघं गेलो. अण्णा बरेच वाळले होते. सदरा तसाच पांढरा, आता दोन माप मोठा वाटणारा. त्यांनी आईसाठी स्टूल पुसलं. पाने घेऊन बोटांनीच अंदाज घेत टॅपेट लावले, दांडा चिमटीत फिरवून फिरवून पाहिला आणि शशाला खूण केली. शशाने किक मारली.

अण्णा ऐकायला वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. मग त्यांनी शशाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडे वळले. आवाज कधी नव्हे तो लहान झाला होता.

"वैनी, वाजतंय काय?"

आईने डोळे मिटले. माळावर बसली होती तशीच बसली. "वाजतंय अण्णा," ती म्हणाली. "बारीक. सारखं."

ते त्यांना ऐकू आलं नसावं, कारण ते तसेच तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या हातात पान्यांचा पत्र्याचा ट्रे होता. आईने हात पुढे केला आणि त्या ट्रेच्या काठावर, इंजिनाच्या तालात, नखाने वाजवायला सुरुवात केली. टक टक टक टक. अण्णांनी ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला. थोड्या वेळाने ते त्या तालावर मान हलवू लागले.

"बरी हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी दाराबाहेर उन्हाकडे पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि हात धुवायला गेले. जेवणाची वेळ झाली होती.